रिकाम्या यादीचा अर्थ

लॉगमधले, म्हणजे संवादाच्या नोंदीतले, ते उत्तर अत्यंत सभ्य होते. ते एका एआय एजंटने दिले होते: भाषेच्या मॉडेलवर चालणारा आणि जोडून दिलेली टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, वापरून काम करणारा सहायक. ग्राहकाने आपल्या एका जुन्या बिलाची प्रत मागितली होती. एजंटने बिले शोधण्याचे टूल चालवले, टूलने रिकामी यादी परत केली, आणि आपल्या नावावर असे बिल कधीही तयार झालेले नाही, असे एजंटने ग्राहकाला नम्रपणे कळवले. ग्राहकाकडे बिलाचा क्रमांक होता, पैसे भरल्याची पावतीही होती, आणि त्याने दोन्ही गोष्टी लिहून पाठवल्या. एजंटने तेच टूल पुन्हा चालवले, पुन्हा रिकामी यादी आली, आणि या वेळी अधिक आदराने पण तितक्याच ठामपणे त्याने सांगितले की पावती बहुधा दुसऱ्या एखाद्या व्यवहाराची असावी. ज्या टीमचे हे काम होते तिच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की ते टूल फक्त गेल्या १२ महिन्यांतली बिले पाहते; त्याआधीची बिले वेगळ्या संग्रहात हलवलेली असतात आणि ती शोधण्याचे टूल निराळे आहे. ते निराळे टूलही एजंटच्या हाताशीच होते, पण त्याने ते वापरले नाही. पहिल्या टूलच्या वर्णनात ‘बिले शोधते’ एवढेच लिहिले होते, आणि दुसऱ्याच्या वर्णनात ‘संग्रहातील बिले शोधते’.

या टूल्सची वर्णने नव्याने लिहिण्यासाठी मला बोलावले होते, आणि काय चालले आहे याचा नमुना म्हणून हा लॉग दाखवला गेला. त्याच्या समासात कुणीतरी ‘मॉडेल खोटे बोलते’ असा शेरा लिहून ठेवला होता. तो शेरा मला बरेच दिवस बोचत राहिला. खोटे बोलायला खरे काय ते आधी ठाऊक असावे लागते. इथे ते ठाऊक असलेली माणसे शेरा लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसलेली होती. एजंटचा ठामपणा मलाही आवडला नव्हता. ‘मला सापडले नाही’ आणि ‘अस्तित्वातच नाही’ यांतले अंतर त्याने एका उडीत पार केले, आणि ती खोड मॉडेलचीच आहे, हे मान्य करायला हवे. परंतु रिकाम्या यादीचा अर्थ काय लावायचा, हे त्याला कुणी सांगितले होते? दोन शब्दांच्या वर्णनावरून कुठल्याही परक्याने हाच अर्थ लावला असता.

एजंटला टूल दिसते म्हणजे नेमके काय दिसते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्याला कोड दिसत नाही, डेटाबेसची रचना दिसत नाही, आणि ज्या बैठकीत जुनी बिले हलवायचे ठरले तिचा वृत्तांत तर नाहीच नाही. दिसते ते एक नाव, काही ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. मॉडेल बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय, आणले तेव्हा हा साचा जेसन स्कीमाच्या, म्हणजे कोणत्या रकान्यात काय भरायचे ते सांगणाऱ्या ठरावीक मांडणीच्या, रूपात रूढ झाला. अँथ्रॉपिक या तशाच दुसऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे टूल्स जोडण्याचे सामायिक नियम, खुला केल्यावर एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या, कधीही न पाहिलेल्या एजंटला जोडणे सोपे झाले. म्हणजे वर्णनाचा वाचक पूर्वी निदान आपल्या घरातला होता, तो आता कुठलाही असू शकतो. ग्राहकाचा प्रश्न आणि सगळ्या टूल्सची वर्णने मॉडेलपुढे एकाच वेळी मजकूर म्हणून येतात, आणि त्या मजकुरातून कोणते टूल उचलायचे हे ते ठरवते. आपण त्याला ‘निवड’ म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात ते वाचन असते, आणि लिहिलेले जसे असेल तसेच ते वाचले जाते.

आजवर फंक्शनवरची, म्हणजे कोडच्या एका तुकड्यावरची, टिप्पणी आपण सहकाऱ्यासाठी लिहीत आलो. त्या सहकाऱ्याला टिप्पणी कळली नाही तर तो फंक्शन उघडून आत पाहू शकत असे, ज्याने लिहिले त्याच्या खुर्चीपाशी जाऊन विचारू शकत असे, चार दिवस चुकून मग शिकू शकत असे. त्यामुळे टिप्पणी अपुरी असली तरी काम अडत नसे. ती आठवण करून देण्यापुरती असे, समजावून सांगण्यासाठी नसे. एजंटला विचारायला खुर्ची नाही. तो रोज नव्याने कामावर रुजू होतो, आणि बाहेरून काही स्मृती जोडून दिली नसेल तर काल शिकलेले आज त्याच्याजवळ नसते. बिनचिठ्ठीच्या चाव्यांचा जुडगा हाती देऊन नव्या माणसाला ‘जरा तळघरातून ती फाइल आण’ असे सांगावे, आणि तो चुकीचे दार उघडून आला की त्याच्या बुद्धीवर शेरे मारावेत, तसा आपला व्यवहार चालला होता. ओपनएआयच्या मार्गदर्शक टिपणात एक साधी कसोटी दिलेली आहे: मॉडेलला जेवढे दिले आहे तेवढेच हाती घेऊन एखादा शिकाऊ माणूस हे फंक्शन बरोबर वापरू शकेल का, आणि नसेल तर तो कोणते प्रश्न विचारेल? त्या प्रश्नांची उत्तरे वर्णनात घालावीत. मी ही कसोटी बिलांच्या टूलवर लावून पाहिली तेव्हा पहिलाच प्रश्न ‘किती जुनी बिले?’ असा निघाला.

या संदर्भात मला युनिक्स या संगणक प्रणालीच्या जुन्या पुस्तिकेची आठवण होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या नावे तिची पहिली आवृत्ती निघाली, आणि प्रत्येक आज्ञेचे पान एका ठरावीक साच्यात होते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित आज्ञा, आणि शेवटाकडे एक शीर्षक असे ‘बग्ज’. आज्ञेत कोणते दोष आहेत, ती कुठे फसते, काय करत नाही, हे लिहिणाऱ्याने स्वतःच त्याखाली मांडायचे. त्याही खाली ‘ओनर’ म्हणून ती आज्ञा कुणाच्या जबाबदारीची आहे ते लिहिलेले असे. आपल्याच कामाच्या पानावर त्यातले दोष नोंदवण्याची ही प्रथा मला फार आवडते. पुढे उत्पादने विकण्याचा काळ आला, वर्णने विक्रीच्या भाषेत लिहिली जाऊ लागली, आणि मर्यादा सांगणे म्हणजे कमीपणा घेणे असे होऊन बसले. एजंटसाठी वर्णन लिहिताना मी ते ‘बग्ज’चे शीर्षक मनात धरून बसतो. टूल काय करते ते बहुतेकांना लिहिता येते. काय करत नाही ते विचारल्यावर मात्र खोली थोडी शांत होते आणि मग एकेकाला काहीतरी आठवू लागते.

बिलांच्या टूलचे वर्णन अखेर असे झाले: ‘ग्राहक क्रमांकावरून गेल्या १२ महिन्यांत तयार झालेली बिले शोधते, सर्वांत नवे बिल आधी येते. त्याहून जुनी बिले या टूलला दिसत नाहीत. रिकामी यादी आल्यास बिल अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. संग्रहातील बिलांचे टूल वापरून पाहावे. रद्द झालेली बिलेही यादीत येतात आणि त्यांची स्थिती “रद्द” अशी असते. हे टूल फक्त माहिती देते, बिलात बदल करत नाही.’ यातले एकही वाक्य अवघड नाही. पण रद्द बिलांचे वाक्य हिशेब पाहणाऱ्या एका बाईंकडून आले, तेही विषय भलताच चालू असताना. रद्द बिलाची रक्कम एजंट थकबाकीत धरतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते आणि ते कुणाला सांगावे हे त्यांना कळत नव्हते. संग्रहाच्या टूलच्या वर्णनातही समोरची बाजू लिहावी लागली, की गेल्या १२ महिन्यांतली बिले इथे मिळणार नाहीत. दोन टूल्स एकमेकांना लागून असतील तर सीमारेषा दोघांच्याही वर्णनात हवी, कारण वाचणारा कोणत्या बाजूने येईल ते सांगता येत नाही. या शेजारधर्माकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक टूल वेगळा माणूस लिहितो आणि आपले टूल जगात एकटेच आहे अशा थाटात लिहितो.

वर्णने लांबली की लगेच खर्चाचा मुद्दा निघतो, आणि तो खोटा नाही. प्रत्येक वर्णन प्रत्येक वेळी मॉडेलपुढे जाते, त्याचे टोकन, म्हणजे ज्यांवर खर्च ठरतो ते मजकुराचे तुकडे, मोजले जातात, आणि लांबलचक मजकुरात महत्त्वाचे वाक्य हरवूही शकते. तरीही हात आखडायचा तो वर्णनात आखडू नये, असे माझे मत आहे. अँथ्रॉपिकच्या कागदपत्रांत प्रत्येक टूलसाठी निदान ३ ते ४ वाक्ये लिहावीत असा सल्ला आहे, आणि ओपनएआयच्या टिपणात एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स द्यावीत अशी ढोबळ सूचना आहे. हे दोन्ही सल्ले शेजारी ठेवून वाचले की काटछाट कुठे करायची ते कळते. त्या टीमच्या यादीत ग्राहकाचे नाव आणणारे, पत्ता आणणारे आणि फोन आणणारे अशी तीन स्वतंत्र टूल्स होती. खालच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या जोडणीत, ती तशी विभागलेली होती म्हणून वरही तशीच आली. ग्राहकाची माहिती आणणारे एकच टूल केले, आणि वाचलेल्या जागेत सगळ्यांची वर्णने ऐसपैस बसली.

पॅरामीटरांची, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची, नावे हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण तो टाळता येत नाही. ‘युजर’ असे नाव दिलेल्या रकान्यात मॉडेल कधी नाव भरते, कधी ईमेल, कधी क्रमांक. ‘युजर आयडी’ म्हटले की हा घोळ बराचसा मिटतो. ‘तारीख’ म्हणून ०३/०४ आले तर ते मार्चमधले की एप्रिलमधले, हे कुणाला सांगता येईल? ‘रक्कम’ असे लिहिलेल्या रकान्यात पूर्ण चलनाचा आकडा जायचा की त्याच्या शंभराव्या भागाचा, हे न लिहिल्यास चूक थेट शंभरपटीची होते, आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या अनेक एपीआयना सर्वांत लहान एककातलीच रक्कम लागते. एकक न लिहिण्याची किंमत माणसांनी आधीच मोजलेली आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स-सेकंदांत दिले आणि ते वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले. आकडे दोन्हीकडे नुसतेच आकडे होते. एककाची गरज सांगताना मी हे उदाहरण देतो तेव्हा लोकांना ते जरा मोठे वाटते, आणि मग कुणीतरी हळूच विचारते की आपल्या टूलमध्ये ‘कालावधी’ म्हणून जे आहे ते सेकंद की मिलिसेकंद.

टूल अडते तेव्हा ते जे बोलते, तोही वर्णनाचाच भाग मानला पाहिजे.

‘अवैध इनपुट’ एवढेच उत्तर मिळालेला एजंट काय करतो ते लॉगमध्ये पाहणे काहीसे केविलवाणे असते. तो तीच विनंती पुन्हा पाठवतो, मग एखादा रकाना गाळून पाठवतो, मग तारखेचे स्वरूप बदलतो, मग सोडून देतो आणि ग्राहकाला तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी कळवतो. त्याच ठिकाणी ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी; मिळालेल्या मूल्यात महिना १३ आहे’ असे उत्तर आले तर पुढची विनंती बहुधा बरोबर येते. गंमत अशी, की हे काम करताना माणसांसाठीच्या पडद्यावरचे त्रुटीसंदेशही मी वाचले, आणि ते एजंटच्या संदेशांपेक्षा बरे नव्हते. माणसे ते वर्षानुवर्षे सहन करत आली होती. त्यांना कुणीतरी फोनवर समजावत असे, म्हणून संदेश सुधारायची निकड कुणालाच भासली नव्हती.

शब्दांवर माझा विश्वास असला तरी सगळेच शब्दांनी सुटते असे मी म्हणणार नाही. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या कोड लिहिणाऱ्या एजंटविषयी एक अनुभव लिहिला होता: फायलींचे सापेक्ष, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजलेले, पत्ते घेणारे टूल दिल्यावर, एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की पत्ते चुकू लागत. त्यांनी टूलच असे बदलले की ते नेहमी पूर्ण पत्ताच मागेल, आणि ती चूक होण्याचे थांबले. टोयोटाच्या कारखान्यांत शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात रुजवलेला ‘पोका-योके’चा विचार हाच आहे, सुटा भाग उलटा बसूच नये अशी खाच ठेवायची, मग ‘उलटा बसवू नका’ ही पाटी लावावी लागत नाही. वर्णनात तिसरी ताकीद लिहायची वेळ आली की मी थांबतो आणि स्कीमाकडे पाहतो. चार ठरावीक पर्यायांपैकी एक हवा असेल तर मोकळा मजकूर कशाला स्वीकारायचा? आणि ताकिदींचा आवाज चढवून तर फारसे काही साधत नाही. ‘अत्यंत महत्त्वाचे: नेहमी आधी हेच टूल वापरावे’ असे एका टूलवर लिहिलेले होते, आणि एजंट ग्राहकाने नुसता नमस्कार केला तरी ते चालवत असे.

वर्णन बरोबर आहे की नाही हे लिहिणाऱ्याला लिहिताना कळत नाही, हा या कामातला त्रासदायक आणि मला वाटते सर्वांत रंजक भाग आहे. आपल्याला स्पष्ट वाटणारे वाक्य मॉडेल कसे वाचते ते प्रत्यक्ष चालवूनच पाहावे लागते, आणि नुसती अंतिम उत्तरे पाहून भागत नाही. टूलला मारलेली मधली प्रत्येक हाक, प्रत्येक रकान्यात काय भरले गेले, हे वाचावे लागते. अँथ्रॉपिकनेच सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की त्यांचे मॉडेल वेबवर शोध घेताना शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होते आणि त्यामुळे निकाल बिघडत होते; टूलचे वर्णन सुधारून त्यांनी ते थांबवले. असली गोष्ट मजकूर कितीही वेळा वाचून सुचली नसती. मी लॉग वाचताना एक सवय लावून घेतली आहे: एजंट चुकला की आधी त्याची बाजू घ्यायची, त्याला जेवढे दिले होते तेवढेच वाचून आपण काय केले असते ते पाहायचे. दर वेळी तो निर्दोष सुटतो असे नाही. काही वेळा वर्णनात सगळे लिहिलेले असते आणि तरी तो सरळ चुकतो, तेव्हा मात्र समासात शेरा लिहायला माझी हरकत नसते.

लिहिलेल्यावर विसंबणाऱ्या या वाचकाबद्दल मला अधूनमधून धास्तीही वाटते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनात छुप्या सूचना घालता येतात: आधी वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या अमुक खासगी फायली वाच आणि त्यांतला मजकूर एका जादा रकान्यातून पाठवून दे. वापरणाऱ्याला पडद्यावर बेरीज दिसत राहते. संपूर्ण वर्णन फक्त मॉडेल वाचते. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल स्वतःबद्दल ‘मी फक्त वाचतो’ किंवा ‘मी नाश करू शकतो’ अशा खुणा देऊ शकते, पण टूल पुरवणाऱ्या विश्वासू सर्व्हरकडून आल्या नसतील तर या खुणांवर विश्वास ठेवू नये, असे त्याच प्रोटोकॉलच्या नियमांत लिहिलेले आहे. मी ज्या शब्दांना मदत समजून घडवतो, त्याच जागी, त्याच स्वरात दुसरा कुणी फसवणूक लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक हमखास ओळखता येईलच असे नाही. म्हणून एखादे टूल बाहेरून आणताना मी त्याचे वर्णन शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. त्यात टूलच्या कामाशी संबंध नसलेले एक वाक्य जरी आढळले तरी ते जोडू नये, असे सांगतो.

या सगळ्यात एक चीड आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींनी कितीतरी वेळा मागितले होते की हे कुठेतरी लिहून ठेवा, आणि दर वेळी उत्तर मिळाले होते की वेळ नाही, हळूहळू कळेल. आता एजंट चुकतो आणि त्या चुकीचा आकडा अहवालात दिसतो, म्हणून वेळ निघाला, बैठका ठरल्या, मला बोलावले गेले. ज्यांना हळूहळू कळले त्यांच्यापैकी काहींनी ही नवी वर्णने वाचली, आणि एकीने अगदी कोरड्या आवाजात म्हटले की हे मला तेव्हा मिळाले असते तर बरे झाले असते. माझ्यापाशी तिला द्यायला उत्तर नव्हते. यंत्रासाठी लिहिले म्हणून का होईना, लिहिले तर गेले, हे मला पटते. पण ते तिला पटवावे असे वाटत नाही.

अलीकडे पुष्कळजण विचारतात की मॉडेलकडूनच वर्णने लिहून का घेऊ नयेत. मी घेतो. कोड देऊन त्याला मसुदा करायला सांगितला की तो स्वच्छ, सुबक मसुदा करतो, पॅरामीटरांची नावे सुधारतो, मी विसरलेली एखादी अट दाखवून देतो. परंतु १२ महिन्यांची मर्यादा त्या कोडमध्ये नव्हतीच. ती दुसऱ्या एका सेवेच्या, रात्री आपोआप चालणाऱ्या कामात होती, आणि तिथेही कारण लिहिलेले नव्हते. मसुद्यात ‘ग्राहकाची सर्व बिले शोधते’ असे अतिशय घोटीव वाक्य आले. जे कुठेच लिहिलेले नाही ते माणसाकडूनच यावे लागते, आणि सगळी माणसे अजून तिथे नाहीत. अहवाल काढण्याच्या टूलमध्ये ‘मोड’ नावाचा एक पॅरामीटर होता, त्याची मूल्ये १, २ आणि ३. पहिल्या दोघांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तिसऱ्याचा कुणालाच सांगता येईना. ज्याने तो घातला तो केव्हाच सोडून गेला होता, आणि ३ देऊन पाहिले तर जो अहवाल येई तो दुसऱ्यासारखाच दिसे, फक्त एकूण बेरीज किंचित वेगळी. वर्णनात आम्ही लिहिले, ‘३: अर्थ निश्चित माहीत नाही, वापरू नये.’ दोन आठवडे ते वाक्य तसेच राहिले आणि एजंटने ते पाळले. मग एका तरुण अभियंत्याने विचारले की वापरायचेच नसेल तर ते दाखवायचे कशाला, आणि एजंटच्या स्कीमातून ३ काढून टाकले. मूळ टूलमधून मात्र ते काढता आले नाही, कारण महिनाअखेरीस चालणारे एक जुने काम आजही त्याला ३ देते, आणि त्या कामाचा अहवाल कुणीतरी वाचत असावे.